घरपोच जिवाणू-तपासणी किट: नळी चांगली, लॅब पारखून घ्या, गुणांवर विसंबू नका

पोटातल्या जिवाणूंची तपासणी करून देणारं किट मागवलं की डब्यात नमुन्याची नळी, एक कागदी झोळी, परतीचं पाकीट आणि नोंदणी क्रमांक येतो. नमुना धाडला की काही आठवड्यांत फोनवर रंगीत रिपोर्ट हजर. या सेवेत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून विकल्या जातात: नमुना गोळा करायचं सामान, लॅबमधलं डीएनए वाचन आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष. तिन्हींचा दर्जा सारखा नाही. सामान बहुतेक ठिकाणी उत्तम असतं. लॅबचं काम सेवेगणिक बदलतं, आणि किट घ्यायचं की नाही हे त्यावरच ठरवावं. निष्कर्षांचा भाग, म्हणजे शंभरपैकी गुण, 'चांगल्या' आणि 'वाईट' जिवाणूंच्या याद्या, त्याखालचा आहाराचा नि गोळ्यांचा सल्ला, सर्वांत कच्चा आहे. जाहिरात मात्र त्याचीच होते.

यामागचं मूळ विज्ञान भक्कम आहे, म्हणूनच ही पारख नीट व्हायला हवी. फीकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया यांसारखे जिवाणू आपल्याला न पचणारे तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटातले काही बायफिडोबॅक्टेरिया आईच्या दुधातल्या अशा शर्करा खातात, ज्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. हे सगळं अनेक लॅबमध्ये पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. प्रश्न एवढाच, की एका नळीतल्या नमुन्यावरून एका माणसाबद्दल यातलं किती सांगता येतं.

नळी आणि नमुना

जतन-द्रव भरलेली नळी असेल तेच किट घ्यावं. नुसती कोरडी काठी किंवा रिकामी डबी असेल तर सोडून द्यावं. मल शरीराबाहेर आला की त्याला हवा लागते. मोठ्या आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही; त्यांची वाढ थांबते, पुष्कळसे मरतात. ई. कोलाय आणि त्याचे भाऊबंद मात्र हवेत वाढतात आणि हवेविनाही वाढतात. कोरडा नमुना टपालात दोन-तीन दिवस उबेत पडला की त्यांची पैदास होते आणि रिपोर्टमध्ये 'प्रोटिओबॅक्टेरिया (ई. कोलाय ज्यात येतो तो मोठा गट) वाढले आहेत' असा इशारा छापून येतो. ही वाढ पोटातली नसते, पाकिटातली असते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन गट (इंग्रजी 'gut', म्हणजे आतडं) प्रोजेक्ट या लोकांकडून नमुने मागवणाऱ्या संशोधन-प्रकल्पात नमुने कोरड्या स्वॅबवर येत; प्रवासात फोफावणाऱ्या जिवाणूंचे डीएनए-क्रम हुडकून वगळण्याची खास पायरी तिथल्या संशोधकांना आकडेमोडीत घालावी लागली.

जतन-द्रव दोन कामं करतो: जिवाणूंची वाढ थांबवतो आणि डीएनए तोडणारी विकरं निकामी करतो. चांगला द्रव नमुना खोलीच्या तापमानाला कित्येक आठवडे टिकवतो. नळीवर ही मुदत छापलेली असते, ती परतीच्या टपालाला पुरेल ना ते पाहावं. साधं इथेनॉल वापरलं असेल तर त्याची तीव्रता ९५ टक्के हवी. ७० टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये नमुन्याची रचना प्रवासात बदलत जाते. संशोधनात आजही सर्वांत विश्वासाची पद्धत म्हणजे लगेच उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवणं. घरून नमुना पाठवताना ते जमत नाही, म्हणून द्रवाला एवढं महत्त्व.

नमुना घेताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. आधी लघवी करून घ्यावी, कारण नमुन्यात लघवी मिसळली की द्रवाचं प्रमाण बिघडतं. झोळी भांड्यावर ताणून बसवावी. मल पाण्याला लागला तर तो नमुना टाकून द्यावा, कारण पाण्यात साफसफाईची रसायनं असतात आणि पाण्याचे स्वतःचे जिवाणूही. चमच्याने एकाच जागचा मोठा गोळा उचलण्यापेक्षा तीन जागांहून थोडा थोडा घ्यावा, त्यांत आतलाही असावा आणि पृष्ठभागावरचाही. मल एकजीव नसतो. पृष्ठभागावर आतड्याच्या श्लेष्माचा अंश जास्त, आत न पचलेले तंतू जास्त, आणि जिवाणूंचं प्रमाणही त्यानुसार बदलतं. एकूण नमुना वाटाण्याएवढा पुरतो. जास्त भरला तर अधिक बरं, हा समज किटच्या मुळावर येतो: द्रव पुरत नाही, गोळ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि आत जिवाणू वाढतच राहतात. झाकण घट्ट लावून गोळा पूर्ण फुटेपर्यंत नळी जोरात हलवावी. काही नळ्यांत यासाठी धातूची गोळी असते आणि ते डिझाइन खरोखर चांगलं आहे. हलवल्यानंतर तळाशी ढेकूळ दिसलं तर पुन्हा हलवायचं, मगच पाकिटात घालायचं.

किटबरोबरच्या प्रश्नावलीत मलाचा प्रकार विचारला आहे का, ते जरूर पाहा. ब्रिस्टल तक्त्यात १ ते ७ असे प्रकार आहेत, १ म्हणजे घट्ट खडे आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या हजाराहून अधिक लोकांच्या अभ्यासात जिवाणूंमधला फरक उलगडणाऱ्या शेकडो गोष्टी तपासल्या गेल्या. त्यांत सर्वांत वरचा क्रमांक मलाच्या घट्टपणाचा लागला. वय, वजन, आहार सगळे त्याच्या मागे. अन्न आतड्यात जास्त वेळ रेंगाळलं की जिवाणूंच्या जाती जास्त दिसतात. हा एक प्रश्न न विचारता दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांची तुलना करणारी सेवा बद्धकोष्ठालाही 'प्रगती' ठरवू शकते.

अँटिबायोटिक घेतल्यानंतर निदान तीन महिने थांबावं. बऱ्याच अभ्यासांत ही अट सहा महिन्यांची असते. कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ केलं असेल तर पुढचे काही आठवडे नमुना घेऊ नये. अ‍ॅसिडिटीवरची ओमेप्राझोलसारखी औषधं चालू असतील तर तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस मलात जास्त दिसतात, कारण पोटातलं आम्लाचं कुंपण उतरलेलं असतं. मेटफॉर्मिननेही जिवाणूंचं चित्र बदलतं, इतकं की मधुमेहाच्या काही सुरुवातीच्या अभ्यासांत औषधाचा परिणाम आजाराचा म्हणून मोजला गेला होता. यातलं कुठलंही औषध तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नये, फक्त नोंद करावी. आणि नमुन्याच्या आदल्या आठवड्यात एकदम आदर्श जेवण सुरू करू नये. आहार टोकाचा बदलला तर जिवाणूंचं प्रमाण दिवसाभरात हलतं, हे २०१४ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं. नेहमीच्या जेवणाचा नमुनाच कामाचा.

लॅबमध्ये काय होतं आणि काय विचारायचं

पहिली पायरी जिवाणू फोडण्याची. ती जाहिरातीत कधीच नसते, पण निम्मा निकाल इथेच ठरतो. काही जिवाणूंची भिंत पातळ असते, उदाहरणार्थ बॅक्टेरॉइड्स; डिटर्जंट आणि विकरांनी ते सहज फुटतात. बायफिडोबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलस मंडळींची भिंत जाड. त्यांना फोडायला नळीत काचेचे किंवा झिरकोनियाचे बारीक मणी घालून ती यंत्रात प्रचंड वेगाने हादरवावी लागते. याला बीड-बीटिंग म्हणतात, आणि मणी साधारण ०.१ मिलिमीटरचे असतात. ही पायरी गाळली किंवा घाईत उरकली की जाड भिंतीचे जिवाणू न फुटताच गाळासोबत फेकले जातात. रिपोर्टमध्ये ते 'कमी' दिसतात, आणि कमी दिसलेले बायफिडोबॅक्टेरिया वाढवायला गोळ्या सुचवल्या जातात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: बीड-बीटिंग करता का? ज्या सेवेच्या मदत-कक्षाला हा शब्दच माहीत नाही, तिच्याकडून लॅबची पद्धत लेखी मागून घ्यावी.

दुसरा प्रश्न वाचनाच्या पद्धतीचा. बाजारातल्या स्वस्त सेवा बहुधा १६एस वापरतात. प्रत्येक जिवाणूत १६एस आरआरएनए नावाचा सुमारे १,५०० अक्षरांचा जनुक असतो. त्याचे काही भाग सगळ्यांत जवळपास सारखे, तर नऊ भाग जातीगणिक बदलणारे. याच रेणूच्या तुलनेवरून कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया हा जीवांचा वेगळा गट दाखवून दिला. सारख्या भागांवर प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, बसवून मधल्या बदलत्या भागाच्या पीसीआरने असंख्य प्रती काढायच्या आणि वाचायच्या, ही पद्धत. बहुतेक सेवा फक्त चौथा किंवा तिसरा-चौथा बदलता भाग वाचतात, म्हणजे साधारण २५० ते ४६० अक्षरं. एवढ्यावरून प्रजाती-समूह, म्हणजे जीनस, बऱ्यापैकी कळतो. जाती पुष्कळदा कळत नाहीत, आणि उपप्रकार तर नाहीच. एस्चेरिशिया आणि शिगेला या तुकड्यावरून वेगळे काढता येत नाहीत. त्यामुळे चौथा भाग वाचून शंभर-दीडशे जातींची नावं छाती ठोकून देणाऱ्या रिपोर्टवर विश्वास ठेवायला जागा नाही.

शॉटगन पद्धतीत नमुन्यातला सगळा डीएनए तुकडे करून वाचतात. जाती नीट कळतात, बुरशी दिसतात, डीएनए असलेले विषाणू दिसतात आणि कोणते जनुक आहेत तेही कळतं. इथे खोली विचारायची: एका नमुन्यामागे किती रीड, म्हणजे वाचलेले डीएनए-तुकडे? सुमारे ५ लाख रीडमध्ये जातींचं प्रमाण ठीक हाती येतं. जनुकांची यादी, अँटिबायोटिकला दाद न देणारे जनुक, उपप्रकारांतला फरक असलं काही हवं असेल तर याच्या कित्येक पट वाचन लागतं. '१६एसपेक्षा पुढची पद्धत' एवढंच लिहून रीडचा आकडा न देणाऱ्या सेवेला तो विचारावाच. काही सेवा आरएनए वाचतात, म्हणजे जिवाणू आत्ता कोणते जनुक वापरत आहेत ते पाहतात. कल्पना चांगली आहे. पण आरएनए काही मिनिटांतच तुटू लागतो, म्हणून जतन-द्रव आणि नळी हलवणं यांतली हयगय इथे सर्वांत महागात पडते.

तिसरा प्रश्न नियंत्रणांचा. प्रत्येक खेपेत एक कोरी नळी आणि एक माहीत असलेलं मिश्रण चालवता का? डीएनए काढायच्या रसायनांत स्वतःचाच जिवाणू-डीएनए असतो, हे २०१४ मध्ये पद्धतशीरपणे दाखवलं गेलं. मलात जिवाणू मुबलक असल्याने तिथे हा दोष सहसा झाकला जातो. त्वचेच्या किंवा नाकाच्या किटमध्ये मात्र नमुनाच इतका अल्प असतो, की रसायनातले जिवाणू तुमचे म्हणून छापले जाऊ शकतात. कोऱ्या नळीचा निकाल न दाखवणारं त्वचेचं किट घेऊच नये. माहीत असलेल्या मिश्रणात ठरावीक जिवाणू ठरावीक प्रमाणात असतात. लॅबचा निकाल त्या प्रमाणाच्या किती जवळ जातो ते पाहून लॅबचा कल कळतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-संस्थेने २०२५ मध्ये मानवी मलाचा संदर्भ-नमुना उपलब्ध केला. आता लॅबना आपापले निकाल एकाच वस्तूवर पडताळून पाहता येतात. तो किंवा तशा प्रकारचा दुसरा संदर्भ-नमुना वापरतो असं सांगणारी सेवा इतरांच्या पुढे ठेवावी.

ग्राहकालाही एक चाचणी करता येते. एकाच वेळच्या मलातून दोन नळ्या भराव्यात आणि दोन वेगळ्या नोंदणी क्रमांकांवर पाठवाव्यात. वरचे दहा जिवाणू आणि त्यांचं प्रमाण दोन्ही रिपोर्टमध्ये जवळपास जुळलं पाहिजे. अगदी तळाला, ०.१ टक्क्याच्या खाली, चुळबूळ चालायचीच. पण एकाच मलाला एका रिपोर्टमध्ये ७२ आणि दुसऱ्यात ४८ गुण मिळाले, तर आहार बदलून झालेली दहा-वीस गुणांची 'सुधारणा' मोजायची त्या सेवेची ऐपतच नाही. दोन किटचा खर्च जड आहे, हे खरं. ज्यांना वर्षभराचं सदस्यत्व घ्यायचं आहे त्यांनी तरी तो आधी करावा.

रिपोर्टमधली एक ओळ

'फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी: ६ टक्के, योग्य प्रमाणात.' अशी ओळ बहुतेक रिपोर्टमध्ये सापडते. या आकड्याचा अर्थ इतकाच, की लॅबने वाचलेल्या ५०,००० तुकड्यांपैकी सुमारे ३,००० या जिवाणूच्या नावावर जमा झाले. पोटात हा जिवाणू किती आहे, ते यातून कळत नाही. पुढच्या रिपोर्टमध्ये तोच आकडा ३.१ झाला आणि शेजारी लाल बाण आला, असं समजू. जिवाणू निम्मा झाला का? समजा, आधी दर १०० जिवाणूंत हा ६ आणि बाकीचे ९४ होते. बाकीच्यांची संख्या दुप्पट होऊन १८८ झाली आणि हा ६ चा ६ च राहिला, तर १९४ पैकी ६ म्हणजे ३.१ टक्केच येतात. म्हणजे या जिवाणूचा केसही वाकडा झालेला नाही, तरी बाण लाल. टक्केवारीची बेरीज नेहमी १०० असते, म्हणून एकाची वाढ दुसऱ्याची घट बनून दिसते. यावर उपाय आहे: नमुन्यातल्या एकूण पेशी मोजायच्या, किंवा डीएनए काढण्याआधी नमुन्यात माहीत असलेल्या परक्या जिवाणूची ठरावीक मात्रा घालायची. मग टक्क्यांऐवजी ग्रॅममागे पेशी असा आकडा मिळतो. हा आकडा देणाऱ्या सेवेला जास्त पैसे देणं पटण्यासारखं आहे.

१६एसच्या बाबतीत आणखी एक गोम असते. काही जिवाणूंत हा जनुक एकदाच असतो, ई. कोलायमध्ये सात वेळा. दुरुस्ती केली नाही तर ई. कोलाय आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

रिपोर्टांतली नावं बदलतात तेव्हाही गोंधळून जाऊ नये. २०२१ मध्ये मोठ्या गटांची नावं बदलली. फर्मिक्यूट्स आता बॅसिलोटा झाले, बॅक्टेरॉइडेट्स बॅक्टेरॉइडोटा. जुन्या रिपोर्टमधला गट नव्या रिपोर्टमध्ये 'नाहीसा' झाला असेल, तर बहुधा संदर्भ-संग्रह, म्हणजे डीएनए-तुकडे ज्याच्याशी ताडून जिवाणूंची नावं ठरवतात तो साठा, बदलला आहे. चांगली सेवा संग्रहाचं नाव आणि आवृत्ती रिपोर्टच्या तळाशी देते, आणि संग्रह बदलला की जुना नमुना नव्याने मोजून देते.

गुण, गुणोत्तर आणि 'चांगले-वाईट'

एकच गुण देण्यासाठी 'निरोगी पोट' म्हणजे काय ते ठरलेलं असावं लागतं, आणि ते ठरलेलं नाही. ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट २००७ मध्ये सुरू झाला. २०१२ मध्ये २४२ निरोगी प्रौढांचे निकाल प्रसिद्ध झाले. सगळे काटेकोरपणे निवडलेले, तरी त्यांच्यातले जिवाणू एकमेकांपासून कमालीचे वेगळे निघाले. जिवाणू वेगळे असले तरी ते करू शकत असलेली कामं मात्र बरीचशी सारखी होती. हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, आणि शंभरपैकी गुण देणारी पद्धत नेमकी त्याच्या उलट दिशेने जाते. सेवा तुमची तुलना कोणाशी करते, ते विचारा. संदर्भ-गटात किती लोक आहेत, कोणत्या वयाचे, कोणत्या प्रदेशातले, काय खाणारे? बहुतेक वेळा तो गट म्हणजे त्याच सेवेचे आधीचे ग्राहक असतात, आणि पोटाची तक्रार असलेलेच लोक असली किट जास्त मागवतात.

फर्मिक्यूट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स यांचं गुणोत्तर पहिल्या पानावर असेल तर ते वाचून पुढे जावं. लठ्ठपणाशी त्याचा संबंध २००६ च्या सुमाराच्या उंदरांवरच्या आणि थोड्या माणसांवरच्या अभ्यासांतून पुढे आला. पुढे अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर माणसांत तो टिकला नाही. रिपोर्टमध्ये 'शरीरात मानवी पेशींच्या दहापट जिवाणू असतात' असं लिहिलेलं असेल तर मजकूर जुना आहे हे ओळखावं. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी हिशेब नव्याने मांडला: ७० किलोच्या पुरुषात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी, आणि सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन सुमारे २०० ग्रॅम.

जिवाणूंना चांगले-वाईट अशी लेबलं लावणं जातीच्या पातळीवर बऱ्याचदा निरर्थक ठरतं. ई. कोलाय ही एकच जात. तिचा ओ१५७:एच७ हा उपप्रकार रक्ती जुलाब लावतो, निसल १९१७ हा उपप्रकार प्रोबायोटिक म्हणून दिला जातो, आणि के-१२ जगभरच्या लॅबमध्ये निरुपद्रवी म्हणून वाढवला जातो. १६एसला हे तिघेही सारखेच. अकरमॅन्सिया म्युसिनिफिला २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथे वेगळा काढला गेला. तो आतड्याच्या श्लेष्मावर जगतो आणि बहुतेक रिपोर्टमध्ये हिरव्या रंगात येतो. पण आहारात तंतू नसलेल्या उंदरांच्या प्रयोगात श्लेष्मा खाणारे जिवाणू वाढले, त्यांत हाही होता, आणि अस्तरावरचा थर पातळ झाला. तोच जिवाणू, आहार वेगळा. रंग ठरवताना सोबतचा आहार न पाहणारा रिपोर्ट अपुरा आहे.

ब्युटिरेट आणि इतर लघु-शृंखला मेदाम्लं मोजून देणारी जोड-तपासणी काही सेवा वेगळे पैसे घेऊन देतात. ती वगळावी. ही आम्लं बनतात त्यातली सुमारे ९५ टक्के मोठं आतडं शोषून घेतं. मलात उरतं ते शिल्लक. शिल्लक कमी दिसली तर कमी बनलं की जास्त शोषलं गेलं, ते कळायला मार्ग नाही.

सल्ला आणि गोळ्या

रिपोर्ट देणाराच प्रोबायोटिक विकत असेल, तर ते पान मिटून ठेवावं. २०१८ मध्ये इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या गटाने माणसांच्या आतड्यात दुर्बिण घालून प्रत्यक्ष अस्तरावरचे नमुने घेतले. प्रोबायोटिक काहींच्या अस्तरावर टिकलं, काहींच्या नाही. आणि मलाच्या नमुन्यावरून अस्तराची स्थिती नीट ओळखता येत नव्हती. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर अकरा जिवाणूंचं मिश्रण घेतलेल्यांचे मूळ जिवाणू काहीच न घेतलेल्यांपेक्षा सावकाश परतले. याचा अर्थ प्रोबायोटिक निरुपयोगी असा नाही. ठरावीक उपप्रकार, ठरावीक मात्रा आणि ठरावीक त्रास अशी जोडी असेल तिथे पुरावे आहेत. पण तुमच्या टक्केवारीवरून तुमच्यासाठी मिश्रण बनवून देण्यामागे तसे पुरावे दाखवता येत नाहीत.

आहाराचा सल्ला बहुधा चुकीचा नसतो. वनस्पतीजन्य अन्नाचे प्रकार वाढवा, तंतू वाढवा. अमेरिकन गट प्रोजेक्टच्या २०१८ च्या निकालांत आठवड्याला ३० हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांचे जिवाणू १० पेक्षा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा वैविध्यपूर्ण आढळले. फक्त, हा सल्ला द्यायला तुमचा नमुना लागत नाही. तंतू वाढवताना एकदम दुप्पट करू नये, गॅस होऊन लोक दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावेत आणि सोबत पाणीही.

कोणी घ्यावं, कोणी नाही

मलातून रक्त जाणं, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय यांपैकी काही असेल तर हे किट मागवूच नये. त्याची वाट पाहण्यात वेळ जातो. तिथे कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारं मलातलं प्रथिन), मलातल्या सूक्ष्म रक्ताची तपासणी, गरजेप्रमाणे क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जिवाणूच्या विषाची तपासणी आणि कोलोनोस्कोपी अशा ठरलेल्या वाटा आहेत, आणि त्यांच्या निकालावर काय करायचं हेही ठरलेलं आहे. जिवाणू-तपासणीच्या वापराबद्दल तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचं एकमत-निवेदन आलं आहे. लोकांनी वैद्यकीय सल्ल्याविना स्वतःहून ही तपासणी मागवू नये, आणि तपासणी करणाऱ्यानेच उपचार सुचवू नयेत, अशी त्याची भूमिका आहे. जिवाणूंवर आधारलेला खराखुरा उपचार आहे, पण तो दुसरीकडे: वारंवार उलटणाऱ्या डिफिसिल संसर्गासाठी निरोगी दात्याच्या मलापासून बनवलेली दोन औषधं अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२२ आणि २०२३ मध्ये मंजूर केली. त्या रुग्णांची निवडही रिपोर्टमधल्या गुणांवरून होत नाही.

किट घ्यावं ते ज्यांना आकडेवारीत रस आहे त्यांनी, आणि एकाच पद्धतीने, एकाच सेवेकडून, निदान तीन-चार नमुने द्यायची तयारी आहे त्यांनी. एका माणसाचे जिवाणू दिवसागणिक हलतात, म्हणून 'आधी' चा एक आणि 'नंतर' चा एक एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आहार बदलण्याआधी एका आठवड्यात दोन आणि बदलल्यावर महिन्याभराने एका आठवड्यात दोन असे नमुने घेतले, तर निदान रोजची चढ-उतार किती आणि बदल किती हे शेजारी ठेवून पाहता येतं. सेवा बदलली की मोजणी पहिल्यापासून सुरू. दोन लॅबचे आकडे एका तक्त्यात ठेवू नयेत.

पैसे भरण्याआधी कच्ची फाइल, म्हणजे लॅबने वाचलेल्या डीएनए-तुकड्यांची मूळ नोंद, मिळते का ते विचारा. तिचं स्वरूप फास्टक्यू असतं. पीडीएफ म्हणजे कच्ची फाइल नव्हे. १६एसची फाइल क्यूआयआयएमई २ मध्ये आणि शॉटगनची मेटाफ्लॅनमध्ये चालते; दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत. उद्या पद्धती सुधारल्या तर हीच फाइल पुन्हा वाचता येईल. गुणांचं पान तेव्हा कामाचं नसेल.

त्याच फाइलमुळे खासगीपणाचा प्रश्नही उभा राहतो. शॉटगनमध्ये मलातला थोडा मानवी डीएनएही वाचला जातो. तो गाळून टाकला तरी जिवाणूंचा ठसा उरतोच: २०१५ च्या एका अभ्यासात आतड्यातल्या जिवाणूंवरून ८० टक्क्यांहून अधिक माणसं वर्षभरापर्यंत परत ओळखता आली होती. तेव्हा करारात तीन गोष्टी शोधाव्यात: मानवी डीएनए गाळण्याची हमी, उरलेला नमुना किती काळ ठेवणार, आणि खातं बंद केल्यावर फाइल खरोखर पुसणार की नुसतं नाव काढून संशोधनासाठी ठेवणार. तिसऱ्याचं उत्तर पुष्कळ करारांत 'संशोधनास संमती' या आधीच टिक केलेल्या चौकटीत दडलेलं असतं. नोंदणी करतानाच ती टिक काढता येते, नमुना लॅबमध्ये पोहोचल्यावर ते अवघड होतं.